मधुमेहात भाकरीचं माप कसं बसवावं

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शुगर निघाली तेव्हा गावात ज्याने त्याने एकच सांगितलं, गहू बंद करा आणि ज्वारी खा. आम्ही चपाती बंद केली. तीन वर्षं दोन्ही वेळेला दोन-दोन शाळूच्या भाकऱ्या झाल्या, तरी जेवणानंतरची साखर 230 च्या खाली येईना. मग एका सकाळी भाकरीला घेतलेलं कोरडं पीठ मळण्याआधीच काट्यावर ठेवलं. एका भाकरीला 90 ग्रॅम पीठ लागत होतं.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात चोथा सोडून सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या पिठात 64, बाजरीत 62 आणि तांदळात 78. म्हणजे आमच्या दोन भाकऱ्यांतून एका जेवणात 120 ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात जात होती, आणि पचल्यावर त्यांची साखरच होते. ज्वारीत चोथा आहे, ती चांगलीच आहे, पण ती साखर वाढवत नाही हा समज आमची तीन वर्षं खाऊन गेला. धान्य बदलून भागत नाही, माप बदलावं लागतं. ते आम्ही कसं बदललं ते सांगते. हे टाइप 2 मधुमेहासाठी आहे. टाइप 1 असेल, गरोदरपण असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर स्वतःच्या मनाने यातलं काही करू नका.

सगळ्यात आधी गोळ्यांचं विचारून घ्या

हे मी पहिलं लिहिते, कारण आम्ही ते शेवटी केलं. पोहे बंद करून सकाळी दोन अंडी सुरू केली, भाकरी निम्मी केली, आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र होती तेवढीच ठेवली. चौथ्या दिवशी फळछाटणी चालू असताना साडेअकराच्या सुमारास मालकांच्या हातातली कात्री गळून पडली. दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं तुटक. मीटरवर 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा 86 झाली. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळीचा डोस निम्मा केला.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डोस ठरवून घ्यायलाच हवा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर जास्तच जपा. त्या गोळ्यांवर कर्बोदकं फार तोडली, तर मीटरवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठा. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर अशी एकदम खाली सहसा जात नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालाच. साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर घ्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

बिघाड नेमका कुठे असतो

इन्सुलिन स्नायूंना साखर आत घ्यायला सांगतं आणि यकृताला साखर सोडणं थांबवायला सांगतं. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की त्यांना ते ऐकू येईनासं होतं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि काही वर्षांनी तेही दमतं. रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची साखर 150 का येते, याचं उत्तर यातच आहे. यकृत रात्रभर साखर सोडत राहतं.

आमचे मालक अंगाने किरकोळ, त्यामुळे त्यांना चरबी कुठली, असं मला वाटायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला, तरी पोटाच्या आत चरबी बाळगून असतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप लावा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईचा 80 च्या आत हवा.

आठवडाभर नुसतं मोजा

पहिल्या आठवड्यात खाण्यात काहीही बदलू नका. स्वयंपाकघरात चालणारा साधा काटा आणा. कोरडं पीठ, कोरडे तांदूळ, पोहे मोजा आणि वहीत लिहा. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मीटरवर साखर बघा. जेवणाआधी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत, हे बहुतेकांसाठी धरलेलं माप आहे. वय जास्त असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. बेदाण्याच्या शेडवरून आल्या आल्या मालकांनी एकदा साखर पाहिली तर 290! हात धुवून लगेच दुसऱ्या बोटावर पाहिली तर 148. बोटाला लागलेली द्राक्षाची साखरच मीटर मोजत होतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही, पाणीच लागतं.

आता माप कमी करा, आणि पोट भरा

दिवसाला 130 ग्रॅम कर्बोदकांच्या आत राहायचं, एवढंच आम्ही धरलं. 30-40 ग्रॅमवर राहणारी माणसं आहेत, पण आपल्या घरात ते वर्षभर टिकत नाही आणि जे टिकत नाही त्याचा उपयोग नाही.

मी भाकरी 45 ग्रॅम पिठाची केली, म्हणजे 30 ग्रॅम कर्बोदकं. एवढ्याशा पिठाची भाकरी पातळ थापली की कडा चिरतात. त्यासाठी पीठ आधणाच्या पाण्यात भिजवा, जरा निवलं की तळहाताने चांगलं रगडा, मग थापा. पिठात मेथी किंवा शेपू बारीक चिरून घातला की भाकरी भरल्यासारखी लागते.

ताटात आधी भाजी वाढायची. दोन वाट्या, आणि बटाट्याची नाही. चाकवत, पोकळा, तांदुळजा, दोडका, वांगं, ओला घेवडा, कोबी. त्याबरोबर मटकीची किंवा कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची एक वाटी उसळ, पण तिचे साधारण 20 ग्रॅम हिशोबात धरा. उसळ नसेल त्या दिवशी अंडी, पनीर, कोंबडी किंवा मासे. दही, ताक, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी असू द्या. भाजी आणि उसळ निम्मी संपल्यावर भाकरीला हात लावायचा. तेच जेवण या क्रमाने जेवलं तरी नंतरची साखर कमी चढते. आमच्या वहीत दोन जाड भाकऱ्यांच्या दिवशी 236 लिहिलं आहे, आणि एक पातळ भाकरी शेवटी खाल्ली त्या दिवशी 171.

रात्री झुणका करा. माणशी 40 ग्रॅम बेसनात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणून त्याच्याबरोबर अर्धीच भाकरी. नाश्त्याला पोह्यांऐवजी अंडी किंवा भरपूर कोथिंबीर-कांदा घातलेलं मुगाचं धिरडं. चार वाजता भूक लागली तर मूठभर भाजके शेंगदाणे. भडंग नको, चुरमुरे म्हणजे फुललेला तांदूळच.

पहिले दहा दिवस जड जातात. मालक पानावरून उठताना भाकरीच्या टोपलीकडे बघायचे आणि माझ्या पोटात तुटायचं. अशा वेळी भाजी वाढवा, ताक वाढवा.

गूळ, बेदाणे आणि एकादशी

गूळ रक्तात गेल्यावर साखरच असतो. सांगलीच्या बाजारातला कितीही चांगला असो, चहात नको. बेदाण्यांत शंभरातले पंचाहत्तरच्या वर ग्रॅम कर्बोदकं, बहुतेक साखरच. आमच्या शेडवर येता-जाता चिमूट तोंडात टाकायची सवय होती, तिने दिवसाला 20-25 ग्रॅम सहज जायचे. ती सवय मोडायला भाकरीपेक्षा जास्त दिवस लागले.

साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. उपवास सोडवत नसेल तर शेंगदाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर यांवर दिवस काढा, आणि त्या दिवशीच्या गोळीचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

जेवून उठल्यावर

10-15 मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. बागेतून फेरी, अंगणात येरझाऱ्या, काहीही चालेल, फक्त लगेच आडवं होऊ नका.

तीन महिन्यांनी

एचबीए1सी ही रक्ताची तपासणी करा. तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे ते ती मोजते. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून तीन महिन्यांचा हिशोब त्यात दिसतो. कमरेचा घेर त्याच टेपने पुन्हा मोजा. वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. आमच्या वहीत भाकरीचं वजन आणि दोन तासांनंतरची साखर शेजारी शेजारी लिहिली होती. डॉक्टरांनी ती पानं उलटली आणि त्यावरूनच दुपारच्या भाकरीला आणखी 10 ग्रॅम पीठ वाढवून दिलं.