गिअरबॉक्स उतरवण्याआधी थांबा: रिमॅप केलेल्या गाडीत या चुका टाळा

रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क (फिरवण्याची ताकद) वाढवला, गाडी खाली घेतली (जमिनीपासूनची उंची कमी केली), रुंद टायर टाकले. काही महिन्यांनी कसारा घाट चढताना इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही. गॅरेजमध्ये निदान तयारच असतं: "गिअरबॉक्स गेला." बऱ्याचदा तो शाबूत असतो. इंजिनची ताकद क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग), शाफ्ट आणि हब अशी चाकापर्यंत जाते. यातलं नेमकं काय सुटलं, हे एकही नट न खोलता बरंचसं कळतं.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच तपासणं

खालच्या गिअरमध्ये चाकंच फिरतात, त्यामुळे क्लच घसरतोय की टायर, ते समजत नाही. चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर गाडी स्थिर ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो गाडीचा जास्तीत जास्त टॉर्क साधारण इथेच येतो, म्हणून कमजोर क्लच इथेच सुटतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून वेग आणि आरपीएम दोन्ही रेकॉर्ड करा. ६० च्या वेगाला २००० आरपीएम असतील, तर ९० ला ३००० च असायला हवेत. ३३०० दिसले, तर क्लच दहा टक्के घसरतोय. आकडे जुळत असतील आणि तरीही पिकअप नसेल, तर दोष इंजिनात, बूस्टमध्ये (टर्बोच्या हवेच्या दाबात) किंवा मॅपमध्ये शोधा. ही चाचणी घाटात ट्रकच्या रांगेत करू नका. सपाट, मोकळा रस्ता आणि पहाटेची वेळ पुरे.

फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, मुळात २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. मॅपमध्ये त्यापुढे गेलात, तर क्लच पॅक झिजणार हे धरूनच चाला. नाशिकच्या द्वारका चौकात सरकत्या ट्रॅफिकमध्ये गाडी थरथरली म्हणून लगेच मेकाट्रॉनिक (गिअर आणि क्लच हलवणारं कंट्रोल युनिट) बदलायला काढू नका. आधी स्कॅनरवर क्लचचं तापमान आणि अ‍ॅडॅप्टेशनच्या (झिजेनुसार जुळवून घेतलेल्या) व्हॅल्यू बघा. अशा गाडीत वरची चौथ्या गिअरची चाचणी करताना मॅन्युअल मोड ठेवा आणि पेडल अगदी तळापर्यंत दाबू नका, नाहीतर किकडाउन होऊन गिअर आपोआप खालचा पडेल.

गिअर कडकड लागला की सिंक्रोला (गिअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगला) दोष देणं

इंजिन चालू, गाडी उभी. क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. पाच सेकंदांनंतरही दात घासत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असेल, स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गळत असेल किंवा नवी कडक प्रेशर प्लेट जुन्या सिलिंडरला झेपत नसेल. गिअरबॉक्स खोलण्याआधी ब्लीडिंग करून, म्हणजे लाइनमधली हवा काढून, बघा. ते स्वस्त पडतं.

आवाजाचंही असंच. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडल दाबल्यावरच सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये येते, तर त्या गिअरची जोडी. कुठल्याही गिअरमध्ये, फक्त वेगाबरोबर वाढते आणि स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे वळवल्यावर बदलते, तर ते व्हील बेअरिंग आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

शाफ्टचं निदान नुसत्या कानाने करणं

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर 'कट-कट' आली, तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, सीव्ही जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा). सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच शांत, तर आतला जॉइंट. गाडी खाली घेतली की शाफ्टचा कोन बदलतो, आणि आतल्या जॉइंटवर रोज तिरका भार पडतो. 'धप्प' असा एकच ठोका बसला, तर आधी इंजिन माउंटिंग बघा.

गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन चालतंय, पण गाडी जागची हलत नाही? साध्या डिफरन्शियलमध्ये एक शाफ्ट तुटला तरी असंच होतं. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन बंद करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर उचला आणि गिअर टाका. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरायला हवं. दुसरं फिरत नसेल, तर त्या दोघांमध्ये काहीतरी तुटलंय. प्लेटचा एलएसडी (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारं डिफरन्शियल) बसवलेला असेल, तर ही चाचणी फसवते.

रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, तर बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याचं चिखलपाणी आत गेलं की जॉइंट संपतो, त्यामुळे नुसता बूट बदलून भागत नाही. जॉइंट काढून धुवा, गोळ्यांच्या मार्गावर खड्डे आहेत का ते पाहा आणि किटमधलं मोलिब्डेनम ग्रीस पूर्ण भरा.

ऑइल न बघता गिअरबॉक्स उघडणं

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असेल, तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. पितळी चकाकी दिसली, तर सिंक्रो झिजलेत. टोकदार लोखंडी कण दिसले, तर दात किंवा बेअरिंग, आणि मग गाडी चालवत नेऊ नका, टो करा. 'जास्त दाब सहन करतं' म्हणून जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ ओतणं ही मॉडिफाय करणाऱ्यांची आवडती चूक आहे. त्यातलं गंधकाचं मिश्रण पितळी सिंक्रोला मारक ठरू शकतं.

दुरुस्ती करताना

क्लच का जळला ते न शोधता नुसती प्लेट बदलू नका. बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) ऑइल आहे का पाहा. गंधकाचा उग्र वास असेल, तर गिअरबॉक्सचं सील गळतंय. इंजिन ऑइल असेल, तर क्रँकचं मागचं सील. अंबड-सातपूरला लेथवर साधं फ्लायव्हील नीट करून मिळतं, पण ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं) फ्लायव्हील लेथवर चढवू नका. त्याची फिरण्यातली आणि डोलण्यातली ढील कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि मर्यादेबाहेर असेल तर नवं घ्या.

अ‍ॅक्सलचा नट दरवेळी नवाच घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचनेच आवळा. इम्पॅक्ट गनने कसलेल्या नटावर बेअरिंगचा भरवसा नाही. नवा क्लच बसवल्यावर पहिले ५०० ते ८०० किमी शहरातच चालवा आणि तोपर्यंत ट्यूनरकडून स्टॉक मॅप टाकून घ्या.