पॅरालिसिसनंतर गाडी चालवावी का? आधी ताट बघा

हाताला थोडी ताकद आली की पेशंट मूठ आवळून दाखवतात, "मॅडम, आता गाडी घेऊ ना?" ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी म्हणून, मी तेव्हा घरच्यांना विचारते, ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहते का? डाव्या गालावरची दाढी अर्धवट राहते का? मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. नजर चांगली असते, पण ती बाजू त्यांच्या हिशेबातच नसते. त्यांना स्वतःला विचारून उपयोग नाही, "सगळं दिसतं की!" असंच उत्तर येतं. आपल्याकडे डावीकडूनच दुचाक्या घुसतात, माणसं उतरतात.

घरी एवढं करून बघा. समोरासमोर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि बाजूला बोट हलवा. आधी एकेका बाजूला, मग दोन्हीकडे एकदम. वेगवेगळं दाखवल्यावर दिसतं, पण एकदम दाखवल्यावर एकच बोट दिसतं, असं झालं तर गाडीचा विषय तूर्त बंद. अर्धं दृश्यच गेलेलं असेल तर तेही इथंच कळतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्डची, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं याची, तपासणी करून घ्या.

उजव्या पायासाठी जमिनीवर खडूच्या दोन खुणा करा, एक ॲक्सिलरेटरची, एक ब्रेकची. खाली न बघता पाय या खुणेवरून त्या खुणेवर पटकन जायला हवा, तोही तुमच्याशी बोलता बोलता. बोलणं थांबलं किंवा पाय चुकला, तर अजून वेळ आहे. डावा हात-पाय कमजोर असेल तर ऑटोमॅटिक गाडीनं बरंच भागतं. उजवा पाय गेला असेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो, पण त्याला आरटीओची मंजुरी लागते.

किती दिवसांनी? ब्रिटनमध्ये खासगी गाडी किमान महिनाभर आणि ट्रक-बस वर्षभर चालवायची नाही, असा नियम आहे. मी महिना हा कमीत कमी धरते. न्यूरॉलॉजिस्टचा होकार हवाच. मधे फिट आली असेल तर ती लपवू नका. लायसनची मुदत शिल्लक आहे, हा मुद्दा चालत नाही. आपल्या आजाराने लोकांना धोका आहे हे माहीत असूनही गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली दंड होतो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १ए, लागतो, तेव्हा झटक्याचे कागद त्यांच्यापुढे ठेवा.

रस्त्यावरची पहिली फेरी ड्रायव्हिंग स्कूलच्या डबल ब्रेकच्या गाडीतून, रविवारी सकाळी. मुलाला शेजारी बसवू नका, दोघं भांडतात. शिकवणाऱ्याला एवढंच सांगा, की गाडी डावीकडे घासत जाते का आणि अर्ध्या तासानंतर चुका वाढतात का, ते बघा. थकवा उशिरा दिसतो.

स्कूटर मात्र सगळ्यात शेवटी. मागचा ब्रेक डाव्या हातात असतो आणि सिग्नलला पाय टेकून तोल सांभाळावा लागतो.