गवत महागलं म्हणून घोड्याचं पोट मारू नका : या चुका टाळा

ठाण्या-नवी मुंबईत घोडं पाळणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. मुरबाड, शहापूर, वाड्याकडचं गवत दिवाळीच्या आगेमागे कापलं जातं, तेव्हा भाव उतरलेला असतो. पण लग्नसराईही तेव्हाच सुरू होते आणि ‘लागेल तसं आणू’ म्हणत खरेदी राहून जाते. मे उजाडेपर्यंत वखारीतला साठा आटतो आणि म्हशींचे तबेलेवालेही त्याच गवताच्या मागे लागतात. पुढे चातुर्मास. वरात नाही, ऑर्डर नाही, घोडी मात्र रोज खाणारच.

मग काटकसर सुरू होते आणि ती नेमकी नको तिथे. गवत निम्म्यावर आणायचं आणि ‘ताकद राहावी’ म्हणून चंदी (चणे वगैरे दाणा) वाढवायची, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने अगदी लहान, 8 ते 15 लिटरचं. पोटात काही असो वा नसो, त्यात आम्ल सतत स्रवत राहतं. गवत चावताना सुटणारी लाळ त्या आम्लाची धार कमी करते. खाण्यातलं गवत कमी केलं की जठरात अल्सर (व्रण) होऊ शकतो. एका वेळी जास्त दाणा घातला, की तो न पचताच मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ उठतो, नाहीतर खुरं धरतात, म्हणजे आतून सुजून घोडं लंगडतं. घोड्याला उलटीही करता येत नाही. कात्री लावायचीच तर चंदीला लावा. काम बंद असलेल्या, अंगाने बऱ्या घोडीला चांगलं गवत, खडे मीठ आणि खनिज मिश्रण एवढ्यावर भागतं. आणि चण्याचा भाव आपल्याला माहीत आहेच.

अंदाजाने पेंढ्या टाकणं ही दुसरी चूक. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या कुल्ल्याच्या) टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 : आलं किलोत वजन. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर घोडी साधारण 344 किलोची. तिला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 5 ते 7 किलो सुका चारा रोज हवा. गवत स्प्रिंगच्या काट्याला टांगून तोला. खाली टाकलेलं गवत घोडी तुडवते, त्यावर मुतते आणि मग त्याला तोंड लावत नाही. बारीक भोकांच्या जाळीत बांधलंत तर नासाडी थांबते आणि खाणंही लांबतं. जाळी मात्र पाय अडकणार नाही इतकी उंच असू द्या.

फुकट मिळतं म्हणून भुलू नका. सोसायटीच्या बागेत लॉन कापलं की माळी पोती भरून द्यायला तयार असतो. ते ओलं, बारीक गवत पोत्यात काही तासांत तापतं आणि आंबतं. शिवाय त्यात कुंपणाची छाटणी मिसळलेली असू शकते. बागांमध्ये आणि रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर सर्रास लावतात. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात, वाळलेली असली तरी.

भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक असतो. चांगल्या गवतात थोडा मिसळायला हरकत नाही, पण नुसत्या पेंढ्यावर ठेवलंत तर आतड्यात गोळा अडकतो, पाणी कमी पडलं तर हमखास. कोणताही चारा बदलताना आठ-दहा दिवस जुना-नवा मिसळत न्या. गव्हाच्या कोंड्यावर फार भर देऊ नका. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे हाडं खिळखिळी होतात.

शेजारच्या गोठ्यातलं पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य तर बिलकुल नको. त्यात मोनेन्सिन नावाचं, गाई-कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जाणारं औषध असू शकतं. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय मात्र त्याने बंद पडतं, आणि तेही फार थोड्या मात्रेत. मुरघासही (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) घोड्यापासून लांबच ठेवा.

साठा केलात तरी आपला पाऊस त्याची परीक्षा घेतो. गाठी लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर सोडा, वरून प्लास्टिक गच्च आवळू नका. गाठीत हात घालून पाहा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर ती गाठ घोड्यापुढे टाकू नका. नुसती धूळ असेल तर भिजवून चालतं. बुरशी मात्र उन्हात वाळवूनही जात नाही आणि घोड्याला कायमचा खोकला-दमा लावते.

एवढं करूनही घोडी सुकत असेल तर गव्हाणीखाली बघा. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेत का? लिदीत अख्खे चणे दिसतात का? मग तिचे दात वाढून टोकदार झाले असणार. जनावरांच्या डॉक्टरांकडून ते कानशीने घासून घ्या आणि त्याच फेरीत जंतांसाठी लीदही तपासून घ्या.