अमेरिकेत आरसे आयात करू पाहणाऱ्या नव्या मराठी व्यावसायिकांसाठी

न्यू जर्सीत येऊन मला सतरा वर्षे झाली. जोधपूर आणि सहारनपूरहून लाकडी चौकटीचे आरसे मागवून इथल्या दुकानांना पुरवण्याचा माझा व्यवसाय आहे. आपल्याकडून नव्याने आलेली दोन-तीन कुटुंबे दर वर्षी असाच काही विचार घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी २०२१ मध्ये केलेलीच चूक करण्याच्या बेतात असतात. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे.

एच-१बी व्हिसावर असाल तर आयात कंपनी काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. या बाबतीत महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांच्या मतावर विसंबू नका.

आता मूळ विषय. जगातल्या बहुतेक देशांत मालाचे सीमाशुल्कासाठीचे वर्गीकरण एकाच पद्धतीने होते आणि काचेच्या आरशांचा क्रमांक त्यात ७००९ आहे. मात्र सगळ्या देशांत समान असतात ते केवळ पहिले सहा अंक. भारतातला निर्यातदार त्याच्या कागदांवर आठ अंकी क्रमांक लिहितो, अमेरिकेत दहा अंकी लागतो, आणि सहाव्या अंकानंतरची विभागणी प्रत्येक देशाची स्वतंत्र असते. त्यामुळे निर्यातदाराचा क्रमांक तसाच उतरवून त्यापुढे दोन शून्ये जोडणे ही पहिली घोडचूक होय. निर्यातदारही पुष्कळदा सवयीने, मागच्या ग्राहकाला लावलेलाच क्रमांक लावून मोकळा होतो.

माझी चूक मात्र त्याहून मोठी होती. जमिनीवर उभा राहणारा, दोन खांबांमध्ये झुलणारा मोठा आरसा मी पहिल्यांदा मागवला, तेव्हा निर्यातदाराने इनव्हॉइसवर ‘लाकडी फर्निचर’ असे लिहिले होते. ते मला पटलेही, कारण पाच फूट उंचीची, शिसवी लाकडाच्या पायांवर उभी असलेली वस्तू फर्निचर नाही तर काय आहे, असेच कोणालाही वाटेल. लाकडी फर्निचरच्या ९४०३ या क्रमांकाखाली सर्वसाधारण शुल्क शून्य होते. कस्टम्सचे कागद भरून देणाऱ्या माझ्या ब्रोकरने इनव्हॉइस पाहून तोच क्रमांक भरला, मी सही केली आणि शून्य शुल्क गृहीत धरून विक्रीच्या किमती ठरवल्या. तीन खेपा अशाच आल्या. त्यानंतर कस्टम्सकडून माहिती मागणारा फॉर्म २८ आला. मालाची छायाचित्रे आणि मापे पाठवल्यावर काही आठवड्यांनी फॉर्म २९, म्हणजे वर्गीकरण बदलल्याची सूचना. फर्निचरच्या ९४ व्या प्रकरणाच्या (क्रमांकाचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण) पहिल्याच टिपेत स्पष्ट लिहिले आहे की जमिनीवर ठेवण्यासाठी बनवलेले आरसे, झुलणाऱ्या आरशांसह, त्या प्रकरणात येत नाहीत आणि त्यांची जागा ७००९ मध्येच आहे. ती टीप मी वाचली नव्हती, आणि माझ्या ब्रोकरनेही वाचली नव्हती. तिन्ही खेपांमधल्या उभ्या आरशांची किंमत ६२,००० डॉलर होती, त्यावर ६.५ टक्क्यांनी ४,०३० डॉलर शुल्क आणि वरून व्याज भरावे लागले. माल तोपर्यंत विकून झाला होता, त्यामुळे ती सगळी रक्कम नफ्यातून गेली.

म्हणून आग्रहाने सांगते की क्रमांकाचे वर्णन वाचण्याआधी त्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचाव्यात. बाजारात वस्तूला काय म्हणतात याला तिथे महत्त्व नसते. वर्णनाचे शब्द आणि टिपा यांनी जे ठरते, तेच खरे. त्याच ९४ व्या प्रकरणात पुढे असेही आहे की काचेचा किंवा आरशाचा पत्रा, आकार देऊन कापलेला असला तरी, सुटा आला तर फर्निचरचा भाग धरला जात नाही. ड्रेसिंग टेबल आरशासह एकत्र आले तर ते फर्निचर. पण फुटलेल्या आरशाच्या बदली नुसती काच वेगळी मागवली तर ती ७००९ मध्येच जाते.

आता मापाविषयी. वाहनांच्या मागचे दाखवणाऱ्या आरशांना अमेरिकेत ३.९ टक्के हा स्वतंत्र दर आहे. बाकीचे आरसे आधी चौकट नसलेले आणि चौकट असलेले असे विभागले जातात, आणि मग दोन्ही गटांत प्रतिबिंब दाखवणारे क्षेत्रफळ ९२९ चौरस सेंटिमीटरहून अधिक आहे की नाही, हे पाहिले जाते. अधिक नसेल तर ७.८ टक्के, अधिक असेल तर ६.५ टक्के, म्हणजे लहान आरशाला जास्त शुल्क, आणि नवीन माणसाला नेमके हेच उलट वाटते. क्षेत्रफळ चौकटीसह मोजायचे नाही. निर्यातदार बाहेरून बाहेर माप देतो, आणि कोरीव चौकटीचा आरसा बाहेरून दीड फूट असला तरी आतली काच जेमतेम फूटभर भरते. गोल आरशात दिसणाऱ्या काचेचा व्यास १३ इंच असेल तर क्षेत्रफळ सुमारे ८५६ चौरस सेंटिमीटर येते, १४ इंच असेल तर सुमारे ९९३. एका इंचाने दर बदलतो. बारा इंच लांब-रुंद चौरस काच तर अगदी सीमारेषेवर येते आणि चौकटीने कडेचा पाव इंच झाकला की खालच्या गटात जाते. म्हणून प्रत्येक नमुन्याचे चौकटीच्या आतले माप इनव्हॉइसवरच लिहून घ्यावे. मी ते ऑर्डर देतानाच निर्यातदाराकडून लेखी घेते.

आरसा दिसला म्हणजे ७००९, असेही नाही. केरळातली आरन्मुळा कन्नडी तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूची असते, काचेची नव्हे. ती ८३०६ मध्ये, सामान्य धातूंच्या आरशांत जाते. दंतवैद्याचा छोटा आरसा वैद्यकीय उपकरणांमध्ये मोडतो. आरशावर चित्र किंवा मजकूर छापलेला असेल तर त्यात चेहरा पाहता येतो का, हा प्रश्न असतो. छपाईने आरशाचा उपयोगच संपला असेल तर ती काचेची शोभेची वस्तू ठरते आणि ७०१३ मध्ये जाते. भरतकामात कापडावर लावायचे छोटे आरसे, म्हणजे आभळी, सुटी आणली तर ते आरसेच. पण आभळ्यांचे तोरण आणले तर विचार कापडाच्या प्रकरणांपासून सुरू करावा लागतो. राजस्थानी झरोक्यात मोठ्या कोरीव लाकडाच्या मध्ये वीतभर आरसा असतो, तर हल्लीच्या काही आरशांना एलईडी दिवे असतात. अशा मिश्र वस्तूचे मूळ स्वरूप कशामुळे ठरते, हे पाहिले जाते आणि तिथे अंदाजाने चालू नये.

अशा वेळी अमेरिकी कस्टम्सकडे वर्गीकरणाचा बंधनकारक निर्णय लेखी मागता येतो. त्याला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि उत्तर साधारण महिन्याभरात येते. पूर्वी दिलेले निर्णयही सर्वांना शोधून वाचता येतात. इथल्या सरकारी व्यवस्थेविषयी माझ्या काही तक्रारी आहेत, पण या बाबतीत तिचे मनापासून कौतुक वाटते. असे असूनही आपले लोक ओळखीच्या ओळखीने कोणाला तरी विचारण्यातच महिने घालवतात, याचे मला वाईट वाटते. त्याहून वाईट म्हणजे किंमत कमी दाखवा, नमुना म्हणून लिहा, असे सल्ले आपलेच अनुभवी लोक देतात. ते ऐकू नका. कायद्याने जबाबदारी आयातदाराची असते, ब्रोकरची नव्हे. योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझेही तुमच्यावरच येते. भारतीय मालाला सवलत आहे, असे सांगणारेही भेटतील. अनेक वस्तूंना मिळणारी ती सवलत ५ जून २०१९ पासून बंद झालेली आहे. वर दिलेले दर सर्वसाधारण शुल्काचे आहेत. त्यावर लागणारी अतिरिक्त शुल्के ९९ व्या प्रकरणात असतात आणि ती वारंवार बदलतात, म्हणून प्रत्येक खेपेच्या वेळी ते प्रकरण नव्याने पाहावे.

आरशावर ‘मेड इन इंडिया’ हे ग्राहकाला दिसेल असे लिहिलेले हवे. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा. कागद पाच वर्षे जपावेत.

शेवटी, व्यवसायाशी संबंध नसलेला पण दर वर्षी विचारला जाणारा प्रश्न. घरचा आरसा सामानासोबत आणता येतो का? तुम्ही किंवा कुटुंबाने तो परदेशात किमान वर्षभर वापरला असेल आणि विक्रीसाठी नसेल, तर घरगुती सामानात तो शुल्काविना येतो. मात्र कोकणातल्या आजोळचा आरसा शंभर वर्षांहून जुना असेल, तर अडचण अमेरिकेत नाही, भारतात आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. तो बांधून पाठवण्याआधी त्याचे वय तज्ज्ञाकडून ठरवून घ्या.