बोर्डोची बाटली जपताना आणि उघडताना या चुका टाळा

लोणचं मुरतं तशी प्रत्येक वाइन मुरत नाही. फ्रेंच रेड वाइनच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. बोजोले नूवो ही ताजी, कोवळी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, ती काही महिन्यांत संपवायची. फ्रान्सच्या बोर्डो भागातली साधी रेडही पाच वर्षांच्या आत प्यावी. दशकं टिकतात त्या बोर्डोतल्या पोइयाकसारख्या गावांतल्या, काबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष जास्त असलेल्या नामांकित वाइन किंवा रोन खोऱ्याच्या उत्तर भागातली एर्मिताज. त्यांत टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) आणि आम्ल दोन्ही भरपूर असतं, म्हणून.

लेबलावरच्या ‘1855’लाही भुलू नका. त्या वर्षी बोर्डोच्या नामांकित वाइनची वर्गवारी लावली गेली; तिच्यात पुढे फारसा बदल झाला नाही. मूतों रोथशिल्ड या वाइनरीला 1973 मध्ये वरची श्रेणी मिळाली, ती मोठी घटना ठरली. पण पीक कसं आलं हे वर्ग सांगत नाही, साल सांगतं. बोर्डोत 2013 थंड आणि पावसाचं गेलं; त्या बाटल्या लवकर उघडाव्यात. 2010 आणि 2016 च्या चांगल्या बाटल्यांना मात्र घाई नको.

आता साठवण. परदेशातून आणलेली बाटली दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये उभी, दिव्याच्या उजेडात ठेवण्याची आपली हौस! मी तर एक बाटली चार वर्षं फ्रिजच्या डोक्यावर ठेवली होती. उघडली तेव्हा चव शिजवलेल्या मनुकांची, आणि बूच तोंडाबाहेर किंचित सरकलेलं. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, मग हवा शिरते. बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ दिसला तर हेच घडलंय असं समजा. तिला अंधार, 12-13 अंश तापमान आणि 60-70 टक्के आर्द्रता हवी. बूच असलेली बाटली आडवी ठेवा, म्हणजे ते वाळत नाही. वाइनचं खास कपाट नसेल तर जास्त दिवस साठवूच नका. मे महिन्यात नागपुरात मात्र घरातल्या साध्या कपाटापेक्षा फ्रिज परवडला, पण थोडे दिवसच.

‘रेड घरातल्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला फ्रान्समधल्या जुन्या गार घरांचा आहे. बोर्डो 16 ते 18 अंशांना, बरगंडी भागातली पिनो न्वार द्राक्षाची वाइन आणखी दोन अंश थंड. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की जमतं. फार गार केली तर तुरटपणा उलट बोचतो.

जास्त उकळलेल्या चहासारखी जीभ कोरडी पडते? वाइन बिघडलेली नाही, कोवळी आहे. तासा-दोन तासांसाठी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवा, सोबत मटण असू द्या. पण तांबड्या रश्शाबरोबर नको. टॅनिनपुढे तिखट आणखी झोंबतं. जुन्या बाटलीला उलट वागवायचं. तिच्या तळाशी साका बसलेला असतो, म्हणून एक-दोन दिवस ती उभी ठेवा, गळ्यामागे दिवा धरून सावकाश ओता, साका दिसला की थांबा. मग लगेच प्या. अशा वाइनचा गंध तासाभरात उडू शकतो.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला तर बुचातल्या टीसीए या रसायनाने वाइन बाधली आहे. कितीही वेळ ठेवली तरी ती सुधारत नाही. दुकानात परत करा. बुचाचे तुकडे ग्लासात तरंगले तर तो दोष नव्हे. चहाच्या गाळणीतून गाळा आणि प्या.