ई. कोलायमध्ये एफ प्लाझ्मिडचे संयुग्मन कसे करावे

संयुग्मन म्हणजे एका जिवाणूने (दाता) दुसऱ्याला (ग्राही) थेट जुळून डीएनए देणे; इथे दिला जातो तो एफ प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे कडे. दात्याच्या एफ प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा रोध हवा, ग्राहीच्या गुणसूत्रावर स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा. दोन्ही ल्युरिया ब्रॉथ या पोषक द्रवात ३७ अंश सेल्सिअसला वाढवा. ६०० नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण (जिवाणूंच्या दाटीचे माप) ०.५ च्या आसपास आले की लगेच वापरा. रात्रभर वाढलेला दाता नको: स्थिरावस्थेत (वाढ थांबल्यावर) त्याची पिलस, म्हणजे ग्राहीला पकडणारा तंतू, बनवणारी जनुके मंदावतात आणि प्रयोग फसतो. दाता टेट्रासायक्लिनमध्ये वाढवला असेल तर धुऊन घ्या, नाहीतर सोबत आलेले टेट्रासायक्लिन ग्राहीची वाढ रोखते.

०.१ मिली दाता, ०.९ मिली ग्राही मिसळा आणि ३७ अंशांवर तासभर न हलवता ठेवा. हलवल्यास जुळलेल्या जोड्या सुटतात. आतले काम विलक्षण सुंदर आहे: रिलॅक्सेज हे विकर (एन्झाइम) प्लाझ्मिडच्या एका धाग्याला ठरावीक जागी छेद देते, त्याच्या टोकाला चिकटूनच राहते आणि चौथ्या प्रकारच्या स्रवण यंत्रणेतून (पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांच्या मार्गातून) धाग्यासकट पलीकडे जाते. सुमारे १,००,००० बेस जायला काही मिनिटेच लागतात. उरलेला वेळ जोड्या जमायला आणि ग्राहीत टेट्रासायक्लिन-रोध देणारे प्रथिन तयार व्हायला हवा.

मग जोड्या सुटाव्यात म्हणून व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात घुसळा, दहापट विरलने करून दोन्ही प्रतिजैविके असलेल्या प्लेटवर पसरा; तिथे प्लाझ्मिड मिळालेले ग्राहीच वाढतात. नुसता दाता, नुसता ग्राही याच प्लेटवर वेगवेगळे लावा. तिथे वसाहती उगवल्या तर मोजणी टाकून द्या.