थ्युसिडिडीस वाचन मंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचा, थ्युसिडिडीस या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेला हा इतिहास 8 खंडांचा आणि 917 प्रकरणांचा आहे. प्रकरणं छोटी असली तरी कॉलेजच्या एका सत्रात सगळं संपवायचा हट्ट धरू नका; चौथ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या होतात. आठ-दहा जण, दीड तास, दर आठवड्याला 25-30 प्रकरणं, इतकं पुरे. इंग्रजी भाषांतर सगळ्यांकडे एकच हवं. क्रॉलीचं (1874) फुकट मिळतं, पण वाक्यं लांबलचक. नवख्यांना हॅमंडचं झेपतं. संदर्भ पान क्रमांकाने देऊ नका, 3.82 असा खंड-प्रकरणाने द्या, नाहीतर निम्मा वेळ पानं शोधण्यात जातो.

आता खरा सापळा. जवळजवळ प्रत्येकजण मेलॉस बेटावरच्या संवादापासून (5.84-116) सुरुवात करतो आणि "थ्युसिडिडीस म्हणतो, बळी तो कान पिळी" असं वहीत लिहून मोकळा होतो. तो असं म्हणत नाही. ते इ.स.पू. 416 मधले अथेन्सचे दूत म्हणतात, आणि तेही समोरच्या बेटाला शरण आणण्यासाठी. भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रसंगाला साजेसं बोलणं वक्त्यांच्या तोंडी घातलं, एकूण आशय मात्र सोडला नाही, हे लेखकाने 1.22 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून भाषण आलं की समासात चार गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कोणापुढे, काय पदरात पाडायला, आणि पुढे काय घडलं. 1.70 मधलं अथेनियन लोकांचं ते झगझगीत वर्णन कोरिंथचे दूत करतात, स्पार्टाला युद्धाला उठवण्यासाठी. अथेन्सचा नेता पेरिक्लीज युद्धात पडलेल्यांच्या अंत्यसंस्कारात जे गौरवाचं भाषण करतो ते 2.46 ला संपतं आणि 2.47 ला अथेन्समध्ये रोगाची साथ शिरते. भाषणाची तेवढीच झेरॉक्स काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. सारांशाचे व्हिडिओ मला याचसाठी घातक वाटतात: ते वक्ता गाळतात आणि वाक्य ठेवतात.

लेखकाचा स्वतःचा आवाज कुठे ऐकू येतो? कोर्सायरा बेटावरच्या यादवीवर (3.82-83), क्लेऑन या अथेन्सच्या पुढाऱ्याची ओळख करून देताना (3.36). ही प्रकरणं आधी वाचा, कान तयार होतो.

पहिल्या खंडात नावांच्या गर्दीने गांगरायला होतं. त्यात तुमची काही चूक नाही. 1.2 ते 1.19 पहिल्या फेरीत सोडलं तरी चालेल, 1.20-23 मात्र नाही. वर्षं तो उन्हाळे-हिवाळे मोजत सांगतो, म्हणून इ.स.पू. 431 ते 411 ची एक पट्टी भिंतीवर लावा आणि शेजारी नकाशा. मार्गदर्शक म्हणून तासभर व्याख्यान देणारे प्राध्यापक नकोत, "हे कुठे लिहिलंय?" असं विचारणारा एक वरच्या वर्गातला विद्यार्थी जास्त उपयोगी पडतो.

मेलॉस वाचलंत की तिथे थांबू नका. मेलॉसवाल्यांची कत्तल 5.116 ला, आणि 6.1 ला त्याच हिवाळ्यात अथेन्स सिसिलीवर जायचं ठरवतं. 5.103 मध्ये दूत मेलॉसवाल्यांच्या आशेला हसतात. त्याच्या शेजारी 7.77 ठेवून मोठ्याने वाचा: तिथे सेनापती निकियास सिसिलीत हरलेल्या आपल्या अथेनियन सैन्याला आशा सोडू नका म्हणून विनवतोय.